रुबिकॉनची वाट

सिंहगडाच्या घाटानें मोटार वर नेली कीं पराक्रम केल्यासारखें ज्यांस वाटतें, अशांपैकींच आम्ही एक. गेल्या उन्हाळ्यांत भाच्याच्या आग्रहावरून आम्हांस कॅलिफोर्नियांतील रुबिकॉनच्या वाटेनें जाण्याचा योग आला. सिएरा नेवाडा पर्वताच्या अरण्यांतून टाहो सरोवराकडे जाणारी ही वाट सुमारें २२ मैलांची. आम्हीं ती लून सरोवरापासून धरली. एल डोराडो परगण्याच्या दप्तरीं हा सार्वजनिक रस्ता आहे. प्रत्यक्षांत मात्र करड्या पाषाणांचा कोरडा ओढाच! १९५३ सालीं ५५ जीपगाड्या व १५५ माणसें येथून एकत्र गेलीं, तेव्हांपासून तिची ख्याति वाढली.

आरंभीं चाकांतील बरीचशी हवा सोडली. म्हणजे रबर मऊ पडून दगडास घट्ट धरतें. गाडी चालवावयास बसली आमची भाचेसून; भाचा पुढें पायीं चालत हातांनीं खुणा करी. वेग माणसाच्या चालीहूनहि कमी. येथें जोराचें काम नाहीं. मोठा दगड दोन चाकांच्या मधून घेतला, तर गाडीचें पोट आपटतें. म्हणून चाकच नेमकें दगडावर चढवावयाचें.

दुपारीं अशाच एका पायरीवरून उतरतांना पोटाखालीं मोठा आवाज झाला व तेल ठिबकूं लागलें. शेजारींच ओढा वाहत होता. आम्ही म्हणालों, "चार थेंब तर आहेत. चला, अंधार पडेल."

ती मुकाट्यानें उतरली. थेंबांखालीं पसरट भांडें ठेवलें, मातीवर तेल शोषणारीं फडकीं पसरलीं, आणि मग म्हणाली, "मामा, हें पाणी खालीं कोणी तरी पितें."

आम्ही ओशाळलों. भाच्यानें ढिलें झालेलें बूच आवळलें.

रात्रीं मुक्कामावर तिनें सारें सांगितलें. चाकांनीं उकरलेली माती, सांडलेलें तेल व माणसांची घाण यांनीं येथील पाणी बिघडूं लागलें, तेव्हां २००९ सालीं प्रादेशिक पाणी-नियामक मंडळानें परगण्यास व वनखात्यास तें निस्तरण्याचा हुकूम केला. वाट बंदच होणार कीं काय, ही धास्ती पडली. मग याच छांदिष्ट मंडळींतील स्वयंसेवक दुरुस्तीस लागले. मैल्यासाठीं पिशव्या व तेल टिपण्याचें सामान प्रवाशांस देऊं लागले. वाट उघडी राहिली.

दुसरे दिवशीं कॅडिलॅक टेकडी चढलों. उतारावर पडलेल्या एका जुन्या कॅडिलॅक मोटारीवरून तिचें हें नांव पडलें आहे. आमचें मागें कांहीं राहूं नये, म्हणून तेलकट फडक्यांची पिशवी आम्हीं स्वतः मांडीवर घेतली होती.