तीस अँपिअरचे बिऱ्हाड

मुलांकडे अमेरिकेत गेलेले आजी-आजोबा, भाड्याने घेतलेली आरव्ही, म्हणजे चाकांवरचे घर, आणि जुलै महिन्यातला ॲरिझोना-युटाचा दौरा. असा बेत आता अनेक मराठी कुटुंबे आखतात. दुपारी गाडी कॅम्पग्राउंडवर लागते. जागेजवळच्या विजेच्या खांबात केबल जोडली जाते, एसी सुरू होतो, हायसे वाटते. मग चहासाठी विजेची किटली लावली जाते आणि काही मिनिटांत सगळेच बंद पडते. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला असतो.

ही केवळ गैरसोय नव्हे. वय वाढले की घामावाटे शरीर थंड करण्याची क्षमता कमी होते, तहानही उशिरा जाणवते. रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातले पाणी आणखी कमी करतात. पत्र्याची गाडी उन्हात लवकर तापते. झोपेत श्वास अडण्याच्या विकारासाठी सीपॅप यंत्र लावणाऱ्याचे यंत्रही रात्री अशाच कारणाने बंद पडू शकते. म्हणून आरव्हीतल्या विजेचे गणित घरातल्या मोठ्यांनी आधीच समजून घ्यावे.

वीज नेमकी किती?

बोटी धक्क्याला लागल्यावर किनाऱ्यावरून वीज घेतात, त्यावरून या जोडणीला ‘शोअर पॉवर’ म्हणतात. अमेरिकी कॅम्पग्राउंडच्या खांबावर सहसा २०, ३० किंवा ५० अँपिअरचे सॉकेट असतात. तिथला घरगुती दाब १२० व्होल्ट. म्हणजे ३० अँपिअरच्या जोडणीवर मिळतात ३० गुणिले १२०, अर्थात ३,६०० वॅट. आपल्याकडे गीझरच्या १६ अँपिअरच्या एका सॉकेटवर २३० व्होल्टने जवळपास तेवढीच वीज मिळते. आपल्या एका सॉकेटची वीज तिथे अख्ख्या बिऱ्हाडाला पुरवायची असते.

५० अँपिअरची जोडणी मात्र वेगळी. तिच्यात १२० व्होल्टच्या दोन तारा असतात, त्यामुळे एकूण १२,००० वॅट मिळतात. दोन एसी असलेली मोठी आरव्ही यासाठीच बनवलेली असते. ती ३० अँपिअरच्या खांबाला लावायची तर ॲडॉप्टर मिळतो. पण ॲडॉप्टर फक्त प्लगचा आकार जुळवतो, वीज वाढवत नाही. १२,००० वॅटचा संसार मग ३,६०० वॅटमध्ये बसवावा लागतो.

हिशेब मांडू या. छतावरचा एसी कडक उन्हात साधारण १३ ते १६ अँपिअर घेतो. किटली १२, मायक्रोवेव्ह १२ ते १३, पाणी तापवायचा विजेचा हीटर सुमारे १२. बॅटरी चार्ज होत असेल तर तिचे आणखी काही. एसी आणि किटली एकत्र चालली की आपण ३० च्या काठावर येतो. तिसरे उपकरण लागले की ब्रेकर पडतो. तासन् तास चालणारा भार क्षमतेच्या ८० टक्क्यांतच, म्हणजे २४ अँपिअरपर्यंतच ठेवायचा, हा वीजतंत्रज्ञांचा नेम आहे.

ब्रेकर पडत नाही तेव्हा

ब्रेकर पडणे हे खरे तर संरक्षण आहे. धोका असतो तो पडत नाही तेव्हा. सगळ्या गाड्या एकाच वेळी पूर्ण वीज घेणार नाहीत, असे धरून कॅम्पग्राउंडच्या तारा टाकलेल्या असतात. पण उकाड्याच्या संध्याकाळी सगळेच एसी एकदम चालतात आणि व्होल्टेज घसरते. अशा वेळी एसीचा कॉम्प्रेसर जास्त प्रवाह खेचतो, तापतो आणि सहलीच्या मध्यातच जळू शकतो.

दुसरा धोका सैल किंवा काळवंडलेल्या प्लगचा. प्रवाह दुप्पट झाला की जोडात निर्माण होणारी उष्णता चौपट होते. प्लगला हात लावून पाहिल्यावर चटका बसत असेल, तर भार लगेच कमी करावा. घरगुती बारीक एक्स्टेन्शन वायर तर इथे वापरूच नये.

काय करता येते?

पहिला उपाय बिनखर्चाचा: कामे वाटून घेणे. फ्रिज आणि पाण्याचा हीटर गॅसवर चालत असतील तर गॅसवर टाकावेत. चहा शेगडीवर करावा. मायक्रोवेव्ह लावताना एसी पाच मिनिटे बंद ठेवावा. गाडी पोचल्याबरोबर, तापायच्या आधीच, एसी लावावा आणि उन्हाकडच्या काचा झाकाव्यात.

स्वतःची आरव्ही असेल तर आणखी तीन गोष्टी उपयोगी पडतात. ‘सॉफ्ट स्टार्टर’ एसी सुरू होतानाचा क्षणिक झटका कमी करतो. खांब आणि गाडी यांच्यामध्ये लावायचे संरक्षक यंत्र चुकीची वायरिंग ओळखते आणि व्होल्टेज फार घसरले की वीज तोडते. तिसरा ‘हायब्रिड इन्व्हर्टर’. खांबावरून अमुकच अँपिअर घे, असे त्याला सांगून ठेवता येते. वरची गरज तो बॅटरीतून भागवतो. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी १० अँपिअरचा जादा भार जेमतेम तासभर पेलते. स्वयंपाकाला ते पुरते, रात्रभराच्या एसीला नाही.

सीपॅप यंत्र गरम वाफेविना चालवले तर साधारण ३० ते ६० वॅटच घेते. बरीच यंत्रे योग्य ॲडॉप्टरने थेट गाडीच्या बॅटरीवर चालतात. ही सोय निघण्याआधी घरीच करून पाहावी.

वीज कमी पडते म्हणून जनरेटर लावणार असाल, तर त्याचा धूर खिडकीकडे येऊ देऊ नका. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ ही लक्षणे उन्हाची म्हणून सोडून दिली जातात. आरव्हीतला या वायूचा अलार्म चालू आहे ना, हे पहिल्याच दिवशी तपासा. अलार्म वाजला किंवा सगळ्यांनाच एकदम त्रास होऊ लागला, तर आधी बाहेर पडा.

महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. उद्या आपल्याकडच्या तळांवरही हाच हिशेब करावा लागेल. जागा आरक्षित करताना नळ आणि स्वच्छतागृह आपण विचारतोच. त्याच्या जोडीला ‘सॉकेट किती अँपिअरचे?’ हेही विचारावे. आणि वीज कमीच असेल, तर ती आधी कोणासाठी राखायची, हे झोपण्यापूर्वी ठरवून ठेवावे.