परदेशांत इंग्रजीचा शिक्षक

वडखळास रस्ता दुभंगतो. एक फांटा अलिबागेस जातो व दुसरा महाडाकडे. महाडाजवळून वाहणाऱ्या सावित्री नदीच्या मुखाशीं बाणकोट आहे. मुंबईंत इंग्रजी शाळा काढणारे रे. जॉन विल्सन १८२९ सालीं स्कॉटलंडाहून आले, ते प्रथम तेथें राहून मराठी शिकले. त्यांच्या मातृभाषेंत 'ळ' नाहीं. आपल्या वडखळाचें नांवही त्यांच्या जिभेस जड गेलें असतें!

परक्या मुलखांत लहान मुलांस इंग्रजी शिकवावयास जाणारास वाटतें कीं, भाषा तर आपणांस येते, मग अडचण कसली? अडचण मुलाच्या कानांत असते. मराठी मुलास 'व' एकच ठाऊक; इंग्रजींत उच्चार दोन. एकास वरचे दांत खालच्या ओठास लावावे लागतात, दुसऱ्यास दोन्ही ओठ वाटोळे करावे लागतात. मराठी न जाणणारा शिक्षक मुलास मठ्ठ समजून छडी उचलतो. जाणणारा आपले ओठ दाखवितो. क्रियापदाचेंही तसेंच. 'मी आंबा खातों' म्हणणाऱ्यास 'खातों' मध्येंच बसविणें विचित्र वाटणारच.

विल्सनसाहेबांची शाळा १८३२ सालीं निघाली. तिचेंच पुढें विल्सन कॉलेज झालें. म्हणजे मराठी आधीं, शाळा मागाहून.

आपल्यांपैकीं कोणी उद्यां जपानांत हें काम पत्करील, तर तेथील मुलांस 'ल' व 'र' यांतील भेद ऐकूं येत नाहीं, हें त्यानें ध्यानांत ठेवावें. पहिल्याच आठवड्यांत बाजारांत जाऊन जपानींत भाजीचा भाव विचारावा, आणि मुलें हंसलीं तर हंसूं द्यावीं.