गणवेश नसलेल्या कचेरीत काय घालावे?

आमच्या कारागीर व दुकानदार बांधवांची मुले-मुली शिकून आता कचेऱ्यांत नोकरीला लागत आहेत. पुष्कळ ठिकाणी गणवेश नसतो. 'काहीही घाला, चालते,' एवढेच सांगितले जाते. घरात अशी नोकरी करणारे ते पहिलेच असतील, तर विचारावे कोणाला? मग एखादा लग्नातला कोट चढवून जातो, दुसरा फाटकी जीन्स घालतो, तर तिसरा पहिला पगार हाती येण्याआधीच उधारीवर नामांकित कंपनीचे कपडे घेतो. म्हणून या विषयाचा थोडा खुलासा आम्ही येथे करीत आहोत.

या सैल पोशाखाची चाल बऱ्याच अंशी कापडाच्या धंद्यातूनच आली, हे व्यापाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. अमेरिकेतील हवाई बेटांवरच्या कपडे उत्पादकांनी १९६२ साली तेथील विधिमंडळाच्या सभासदांना फुलाफुलांचे शर्ट भेट दिले. शुक्रवारी असे शर्ट घालून कामावर येण्याची प्रथा त्यातूनच पुढे रूढ झाली. १९९२ साली लीव्हाय स्ट्रॉस या कंपनीने सैल पोशाखाची माहिती देणारी पुस्तिका सुमारे २५ हजार कर्मचारी-व्यवस्थापकांना पाठविली. जपान सरकारने २००५ पासून उन्हाळ्यात टाय व कोट नको असा आग्रह धरला, तो मात्र विजेची बचत व्हावी म्हणून.

तेव्हा शर्टावरच्या चिन्हाला भुलण्याचे कारण नाही. कपडा स्वच्छ, इस्त्रीचा व मापाचा आहे की नाही, हे आधी दिसते. नियम लिहिलेला नसला तरी पाहणारे डोळे असतातच.

नेमणूक होताच 'पोशाखाचा काही नियम आहे का?' असे सरळ विचारावे. त्यात कमीपणा नाही. पहिल्या आठवड्यात साधी पॅन्ट व कॉलरचा शर्ट घालावा आणि आपल्या वरचे अधिकारी काय घालतात ते पाहावे. त्यांच्यापेक्षा फार भारी नको, फार ढिलेही नको. ग्राहक किंवा पाहुणे येणार असतील त्या दिवसासाठी एक चांगला जोड इस्त्री करून ठेवावा.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. तीन शर्ट व दोन पॅन्टी एकमेकांना जुळतील अशा रंगांच्या घेतल्या, तर सहा निरनिराळे जोड होतात. पॅन्टी गडद, मळखाऊ रंगाच्या असाव्यात. निव्वळ सुती कापड घाम शोषते, पण लवकर चुरगळते. टेरीकॉटची इस्त्री टिकते, पण उन्हात ते गरम होते. लोकल व बसने घामाघूम होऊन येणाऱ्याला सुताचे प्रमाण जास्त असलेले कापड बरे.

मुलींसाठी सलवार-कुर्ता कोठेही शोभतो. कुर्ता सैल असला तरी खांद्यात नीट बसलेला असावा. ओढणी किंवा स्कार्फ न घसरणाऱ्या, हलक्या कापडाचा व कुर्त्याला जुळणाऱ्या रंगाचा घ्यावा. मुलामुलींनी अत्तर बेतानेच लावावे; बंद वातानुकूलित खोलीत थेंबभर वासही सर्वत्र पसरतो.

आता दोन शब्द शिंपी बांधवांसाठी. सुती कापड बेतण्यापूर्वी भिजवून वाळवावे, म्हणजे शिवल्यावर आटत नाही. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर व बाही मनगटापर्यंत यावी. शिवणीत माया ठेवावी. अंग भरले तरी कपडा उपयोगी पडतो. तयार कपडे घेणाऱ्यांचेही माप क्वचितच तंतोतंत जुळते. लांबी कमी करणे, कंबर बसविणे ही कामे लहान म्हणून परत पाठवू नयेत. आज पॅन्टची दुमड नीट घालून दिली, तर तोच तरुण उद्या शर्ट शिवायला येईल.