कॉम्प्युटरवरचा सिनेमा गेम कन्सोलवर कसा पोहोचतो? आणि मध्येच का अडतो?

घरातल्या लग्नाचा व्हिडिओ कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर असतो आणि मोठा टीव्ही हॉलमध्ये. टीव्हीला प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स आधीच जोडलेला असतो. मग पेनड्राइव्हची ने-आण न करता तो व्हिडिओ थेट टीव्हीवर लावता येईल का? येतो. मात्र बऱ्याच जणांना फाइलच दिसत नाही, किंवा दिसली तरी चालत नाही. असं का होतं, ते पाहूया.

हे चालतं कसं?

यात कॉम्प्युटर हा ‘सर्व्हर’ असतो, म्हणजे फाइल पुरवणारा. कन्सोल हा ‘प्लेअर’, म्हणजे ती दाखवणारा. दोघंही घरातल्या एकाच राउटरला जोडलेले असावे लागतात.

कन्सोल सुरू झाल्यावर नेटवर्कवर एक हाक देतो : ‘कुणी मीडिया सर्व्हर आहे का?’ ही हाक २३९.२५५.२५५.२५० या ठरलेल्या पत्त्यावर जाते. कॉम्प्युटरवरचा सर्व्हर तिला उत्तर देतो आणि आपल्याकडच्या फाइलींची यादी दाखवतो. एखादा सिनेमा निवडला की तो तुकड्यातुकड्यांनी येऊ लागतो. संपूर्ण फाइल आधी उतरवून घ्यावी लागत नाही.

हा सगळा व्यवहार राउटरच्या आतच होतो. त्यामुळे इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. इंटरनेट बंद असलं तरी ही हाक आणि तिचं उत्तर चालूच राहतं.

ही सोय आली कुठून?

वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत, यासाठी २००३ मध्ये सोनी, इंटेल आणि इतर कंपन्यांनी एकत्र येऊन एक संघटना काढली. पुढे ती ‘डीएलएनए’ या नावाने ओळखली गेली. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ ला ही सोय मे २००७ च्या अपडेटने मिळाली.

ती महत्त्वाची का होती? प्लेस्टेशन ३ फक्त ‘फॅट ३२’ पद्धतीचा पेनड्राइव्ह वाचतो आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. मोठ्या सिनेमासाठी नेटवर्कचा रस्ता त्यामुळे सोयीचा ठरला.

‘ही फाइल चालणार नाही’ असं का येतं?

व्हिडिओची फाइल जेवणाच्या डब्यासारखी असते. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय हे डब्यांचे प्रकार. आतला पदार्थ, म्हणजे चित्र आणि आवाज, वेगळ्या पद्धतीने बनवलेला असतो. एच.२६४ ही चित्राची अशीच एक पद्धत.

प्लेस्टेशन ३ ला एच.२६४ कळतं, पण एमकेव्हीचा डबा उघडता येत नाही. अशा वेळी दोन उपाय असतात. पहिला, पदार्थ तोच ठेवून फक्त डबा बदलायचा. याला फारशी ताकद लागत नाही. दुसरा, पदार्थच नव्याने शिजवायचा, म्हणजे ‘ट्रान्सकोडिंग’. ‘पीएस३ मीडिया सर्व्हर’ हे मोफत सॉफ्टवेअर याच कामामुळे लोकप्रिय झालं. सिनेमात सेकंदाला साधारण २४ चित्रं असतात. कॉम्प्युटर तेवढ्या वेगाने ती नव्याने तयार करू शकला नाही, तर टीव्हीवर सिनेमा अडखळतो. दोष नेटवर्कचा नसतो, जुन्या प्रोसेसरचा असतो.

मग नेटवर्कचा दोष कधी?

प्लेस्टेशन ३ चं वाय-फाय कागदावर ५४ एमबीपीएसचं आहे. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास वेग मिळतो. ब्लू-रेवरचं चित्र मात्र ४० एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतं. अशा फाइलसाठी राउटरपासून कन्सोलपर्यंत केबल टाकणं हाच खात्रीचा उपाय.

आणि कन्सोलला सर्व्हर सापडतच नसेल तर? विंडोजमध्ये घरचं नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं नाही ना, ते आधी पाहावं. तसं असेल तर फायरवॉल कन्सोलची हाक आत येऊ देत नाही. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ केल्यावर बहुतेक वेळा काम होतं. एक यंत्र राउटरच्या ‘गेस्ट’ वाय-फायवर असेल तरीही दोघांची गाठ पडत नाही.

फाइल आपली, दार कंपनीचं

२०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आला, तेव्हा त्यात ही सोय नव्हती. आधीच्या कन्सोलवर वर्षानुवर्षं चालणारी गोष्ट नव्यावर बंद झाली. जून २०१५ मध्ये सोनीने वेगळं मीडिया प्लेअर ॲप दिलं, तेव्हा ती परत आली. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये ते ॲप पुन्हा नाही. तिथे ‘प्लेक्स’सारख्या ॲपचा आधार घ्यावा लागतो : सर्व्हर कॉम्प्युटरवर, ॲप कन्सोलवर.

म्हणजे फाइल आपली, कॉम्प्युटर आपला, राउटर आपला. पण शेवटचं दार उघडायचं की नाही, हे कन्सोलची कंपनी ठरवते. म्हणून घरातले जपून ठेवायचे व्हिडिओ एखाद्याच यंत्राच्या भरवशावर ठेवू नयेत. मूळ फाइल जशीच्या तशी सांभाळावी आणि पाहण्यासाठी एमपी४ डब्यात, एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असलेली एक प्रत करून ठेवावी. आजची जवळपास सगळी यंत्रं ती चालवतात. कन्सोल बदलला, तरी लग्नाचा व्हिडिओ बघायला मिळेल.