रूपकाचा अर्थ आणि आकारिक अर्थमीमांसा : ‘वाघ’ या पदाच्या अनुषंगाने

‘वाघ आला’ हे वाक्य मुंबईच्या सभागृहात उच्चारले, तर श्रोत्यांचे लक्ष व्यासपीठाकडे जाते. ताडोबा ज्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे, तेथील शिवारात तेच वाक्य ऐकणारा हातातले काम टाकून मागे पाहील. वाच्यार्थ जेथे कधीही खरा ठरू शकतो, तेथे रूपक ओळखायचे कशावरून?

आकारिक अर्थमीमांसेनुसार वाक्याचा अर्थ जाणणे म्हणजे ते कोणत्या परिस्थितीत सत्य ठरेल हे जाणणे. ‘वाघ’ हे पद वाघांच्या संचाचा निर्देश करते. सरपंच त्या संचाचा घटक नसल्याने ‘सरपंच वाघ आहेत’ हे वाक्य असत्य ठरते. मम्मटाने लक्षणेसाठी घातलेली मुख्यार्थबाधाची अट येथे लागू पडते. परंतु ‘सरपंच काही वाघ नाहीत’ हे वाक्य वाच्यार्थाने निर्विवाद सत्य असूनही टीका म्हणूनच बोलले जाते. येथे बाध कोठे आहे? अन्वयाची नव्हे, तर तात्पर्याची अनुपपत्ती हे लक्षणेचे बीज होय, हे नव्य नैयायिकांचे मत येथे अधिक समर्पक ठरते.

रूपकाला वाच्यार्थापलीकडे वेगळा अर्थच नसतो, अशी भूमिका डोनाल्ड डेव्हिडसन यांनी १९७८ मध्ये मांडली. ती आकर्षक असली तरी ‘सरपंच वाघ असते, तर रस्ता केव्हाच झाला असता’ या वाक्यापाशी अडते. या वाक्याचा खरेखोटेपणा सरपंचांच्या धाडसावर अवलंबून आहे, पट्ट्यांवर आणि शेपटीवर नव्हे. रूपकार्थ ही निव्वळ सुचवणूक असती, तर ती ‘जर-तर’च्या आत शिरली नसती.

जोसेफ स्टर्न यांनी २००० मध्ये डेव्हिड कॅप्लन यांच्या दर्शक पदांच्या उपपत्तीचा आधार घेतला. ‘मी’ या पदाचा नियम स्थिर असतो; निर्दिष्ट व्यक्ती मात्र बोलणाऱ्यानुसार बदलते. त्याचप्रमाणे रूपकातील ‘वाघ’ या पदाचा नियम असा : संदर्भातील गृहीतांनी वाघाशी जोडलेला गुणसमूह घ्यावा. सभेत तो धाडसाचा असतो. ज्या घरची गाय वाघाने नेली, त्या घरी ‘सावकार वाघ आहे’ या वाक्यातून स्तुती निघणार नाही. वाघोबाला पूजणाऱ्याच्या तोंडी तिसराच अर्थ संभवतो. ‘ताडोबात वाघ आहेत आणि ग्रामपंचायतीतही’ या वाक्याला हसू येते, कारण अध्याहृत पदाला एकाच वेळी दोन वाचने पेलावी लागतात.

गृहीते कशी घडतात, हे मात्र हा नियम सांगत नाही. त्यासाठी गडचांदूर, कोरपना, जिवती या भागातील गोंडी व कोलामी भाषकांच्या मराठीतील अशी वाक्ये नोंदवून तपासावी लागतील.