प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन आणि 'अशुद्ध' सूर

गेल्या सत्रात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी 'माझे बालपण' या विषयावर निबंध लिहायला दिला होता. एका मुलाने आईच्या तोंडचे पान-दीड पान लिहिले होते. त्यात 'पानी' होते, 'व्हतं' होते, 'आमी' होते. मी लाल शाईने चौदा ठिकाणी रेघा मारल्या आणि दहापैकी चार गुण दिले. तास संपल्यावर तो मुलगा वही घेऊन आला. म्हणाला, "सर, मायनं जसं सांगितलं तसंच लिवलंय. 'पाणी' लिवलं तर ते माय बोलल्यावानी वाटत न्हाई."

मी त्याला परीक्षेचे नियम सांगितले आणि वाटेला लावले. पण ते वाक्य मनातून गेले नाही. माझी आईही 'पानी'च म्हणते. शाळेत गुरुजींनी माझ्याकडून 'ण' घोटून घेतला आणि पुढे त्या 'ण'च्या बळावर मी प्राध्यापक झालो. जो दंडा माझ्या पाठीवर पडला, तोच आज मी दुसऱ्याच्या पाठीवर चालवतो आहे की काय, असा प्रश्न मला पडला. या प्रश्नाचा विचार करताना मला अमेरिकेतील एका वादकाचा आणि त्याच्या तीन सोबत्यांचा इतिहास फार उपयोगी पडला. तो इतिहास कार्यकर्त्यांपुढे आणि शिक्षकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेख.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा तिने आपले नाव १९६६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हापासून कृष्णवर्णीयांचे साहित्य आणि त्यांच्या चळवळी यांवर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. त्यांच्या संगीताकडे मात्र आपण क्वचितच वळलो. 'जॅझ' म्हटले की मोठ्या हॉटेलातली करमणूक, असा आपला समज असतो. वस्तुतः जॅझ ही गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी घडविलेली कला आहे. शेतावरची हाकाटी, चर्चमधली भजने, 'ब्लूज' नावाची दुःखाची गाणी आणि गोऱ्यांच्या बँडची वाद्ये यांतून ती उभी राहिली.

१७ नोव्हेंबर १९५९ या दिवशी न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' या क्लबात ऑर्नेट कोलमन याच्या चौघांनी प्रथम वादन केले. हा क्लब म्हणजे काही राजेशाही जागा नव्हे. बावरी हा बेघर दारुड्यांसाठी कुप्रसिद्ध असलेला शहराचा भाग. तिथे टर्मिनी कुटुंबाचा जुना बार होता आणि त्या घरच्या दोघा भावांनी १९५६ पासून तिथे जॅझ सुरू केले होते. जागा छोटी, बिअर स्वस्त. आजूबाजूला राहणारे चित्रकार आणि कवी तिथे येऊन बसत.

महिनाभर आधी, ऑक्टोबरमध्ये, या चौकडीची नवी रेकॉर्ड अटलांटिक कंपनीने बाजारात आणली होती. तिचे नाव 'द शेप ऑफ जॅझ टू कम', म्हणजे जॅझचे येऊ घातलेले रूप. हे भविष्यवाणीसारखे नाव कोलमनचे नव्हे. तो वेगळे नाव ठेवू पाहत होता, पण निर्मात्याने हे सुचविले आणि तेच राहिले. रेकॉर्ड निघाली की वादकाने क्लबात वाजवावे, समीक्षकांनी यावे, लिहावे आणि त्यातून रेकॉर्ड खपावी, असा त्या व्यवसायाचा रिवाज होता. चौघांना दोन आठवड्यांचे काम मिळाले होते. प्रत्यक्षात ते सुमारे अडीच महिने चालले, कारण साऱ्या शहरात भांडण पेटले होते.

हे चौघे कोण? कोलमन एकोणतीस वर्षांचा, जन्म १९३० चा, टेक्सासमधील फोर्ट वर्थ गावचा. वडील लहानपणीच वारलेले, आई शिवणकाम करणारी. तो सॅक्सोफोन वाजवी. डॉन चेरी हा खिशात मावेल असे वाटणारा छोटा ट्रंपेट वाजवी. ड्रमवर बिली हिगिन्स. हे तिघे कृष्णवर्णीय. चौथा चार्ली हेडन हा गोरा. त्याचे कुटुंब रेडिओवर खेडवळ गाणी गात असे आणि तोही अगदी लहानपणापासून त्यांत गाई. पोलिओने गळा कमजोर झाला आणि तो 'बास' या उभ्या, मोठ्या, खर्जाच्या तंतुवाद्याकडे वळला. कोलमन सोडला तर बाकीचे तिघे बाविशी-तेविशीतले.

आता भांडण कशाचे, ते समजून घेऊ. पाश्चात्त्य संगीतात तीन-चार सूर एकदम वाजवून जो गुच्छ होतो, त्याला 'कॉर्ड' म्हणतात. गाण्याच्या ठरावीक मात्रांत हे गुच्छ ठरावीक क्रमाने बदलतात. जॅझचा वादक आयत्या वेळी नवे सूर रचतो खरा, पण तो त्या क्रमाच्या चौकटीत राहून. पियानोवाला चौकट धरून ठेवतो आणि सॅक्सोफोनवाला तिच्यात धावतो. १९४० नंतर चार्ली पार्कर आणि त्याच्या सोबत्यांनी हे धावणे इतके वेगवान आणि अवघड केले की, गोऱ्यांच्या व्यापारी बँडांना त्याची सहजासहजी नक्कल करता येईना. म्हणजे चौकटीवरचे प्रभुत्व हे कृष्णवर्णीय वादकांनी कष्टाने मिळविलेले मानाचे स्थान होते.

कोलमनच्या चौकडीत पियानोच नव्हता! चौकट धरणारा माणूसच नाही. सुरुवातीला सॅक्सोफोन आणि ट्रंपेट मिळून एक धून वाजवीत आणि शेवटीही तीच वाजवीत. मधल्या भागात मात्र ठरलेला क्रम पाळायचा नाही. धुनेचा भाव नेईल तिकडे जायचे आणि बाकीच्यांनी कान देऊन सोबत करायची. बासवाल्याला पुढे काय येणार हे आधी माहीत नसे. त्याने ऐकायचे आणि तिथल्या तिथे ठरवायचे.

दुसरी गोष्ट सुराची. एकच सूर दुःखाच्या धुनेत आणि शांततेच्या धुनेत सारखाच कसा लागेल, असे कोलमनचे म्हणणे होते. म्हणून तो सूर किंचित चढवी, किंचित उतरवी, माणसाच्या गळ्यासारखा. ज्यांचे कान पियानोच्या पट्ट्यांवर घडले होते, त्यांना हे बेसूर वाटले.

त्या रेकॉर्डमधली 'लोन्ली वुमन' ही धून मी मोबाईलवर कितीतरी वेळा ऐकली. ड्रम घाईत धावतो आहे. त्याच्यावर सॅक्सोफोन आणि ट्रंपेट मात्र कोणी गेल्यावर घरात उठावा तसा संथ सूर काढतात. खाली बास तिसऱ्याच वाटेने चालतो. तिघांचे तीन वेग, आणि तरी कोणी कोणाला सोडून जात नाही. कोलमनने पुढे सांगितले होते की, तो एका मोठ्या दुकानात नोकरीला असताना जेवणाच्या सुटीत त्याने एक चित्र पाहिले. अतिशय श्रीमंत गोरी बाई, सगळे काही असलेली, आणि चेहऱ्यावर जगातले सारे एकटेपण. त्यातून ही धून आली. ज्याच्याजवळ काहीच नव्हते, त्याने जिच्याजवळ सर्व होते तिचे दुःख ओळखले. कृष्णवर्णीय कलावंताने केवळ स्वतःच्या जखमेबद्दल बोलावे, अशी जी एक अपेक्षा असते, तीही या धुनेने मोडली.

फाइव्ह स्पॉटमध्ये रोज रात्री वादक, संगीतकार, समीक्षक येऊन बसू लागले. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा संगीत-दिग्दर्शक लिओनार्ड बर्नस्टाइन आला आणि त्याने तोंड भरून स्तुती केली. ज्येष्ठ ट्रंपेटवादक रॉय एल्ड्रिज याला मात्र हा माणूस लोकांना बनवतो आहे असे वाटले. माइल्स डेव्हिसने तर त्याच्या मनःस्वास्थ्यावरच शंका घेतली. ही दोन्ही नावे कृष्णवर्णीयांची आहेत, हे ध्यानात घ्यावे. हा गोरे विरुद्ध काळे असा सोपा हिशेब नव्हता. ज्यांनी जन्मभर खपून ते व्याकरण आत्मसात केले होते आणि त्याच्या जोरावर दारे उघडून घेतली होती, त्यांना वाटले की, या पोराने व्याकरणच नाकारले तर आपल्या कमाईचे काय? माझ्या लाल शाईचा उगम मला इथे सापडला.

हा माणूस 'अशुद्ध' का झाला? पोरवयात आईकडून सॅक्सोफोन मिळाला, शिक्षक नव्हता. तो पुस्तकावरून स्वतःच शिकू लागला. सॅक्सोफोनवर लिहिलेला सूर आणि पियानोवर वाजणारा सूर यांत फरक असतो, हे त्याला सांगायला कोणी नव्हते. त्यामुळे पाया वेगळाच पडला, आणि चूक उघड झाली तेव्हा हसे झाले. १९४९ साली लुइझियाना राज्यात बॅटन रूज येथे नाचाच्या कार्यक्रमानंतर काहीजणांनी त्याला बेदम मारले आणि त्याचे वाद्य नष्ट केले. लॉस एंजेलिसमध्ये तो लिफ्ट चालवी आणि लिफ्टमध्ये उभ्या उभ्या संगीतशास्त्राची पुस्तके वाची. तो वाजवायला चढला की, तिथले वादक मंच सोडून जात. १९५४ साली नवे वाद्य घ्यायचे तर पितळेचे परवडेना, म्हणून त्याने पांढऱ्या प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन घेतला. न्यूयॉर्कमध्ये लोक या 'खेळण्या'ला हसले. पण त्याच बनावटीचा प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन चार्ली पार्करने १९५३ साली टोरांटोच्या मोठ्या सभागृहात वाजविला होता. एकच वस्तू मान्यताप्राप्त माणसाच्या हातात असली की, ती त्याची लहर ठरते, आणि अनोळखी गरिबाच्या हातात असली की त्याची लायकी ठरते!

आपल्याकडे हे नवे नाही. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, तो विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. प्रस्तावनेत गैर काही नाही. कोलमनलाही जॉन लुइस आणि गंथर शुलर यांच्यासारखे जाणते पाठीराखे मिळाले, म्हणून तो न्यूयॉर्कपर्यंत पोचला. प्रश्न वेगळा आहे. जाणत्याची सही नसती, तर आपण तो सूर ऐकून घेतला असता का?

मात्र आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी इथे एक गल्लत करू नये. 'शिकलो नाही म्हणून अस्सल' असा याचा अर्थ नाही. कोलमनने नियम वाचले होते. रिदम अँड ब्लूजच्या बँडांत त्याने पोटासाठी वर्षानुवर्षे वाजविले होते. हे चौघे लॉस एंजेलिसमध्ये मिळून भरपूर तालीम करीत. चौकट मोडायची तर एकमेकांना दुप्पट लक्ष देऊन ऐकावे लागते. मोकळीक ही शिस्तीपेक्षा अवघड गोष्ट आहे, हे त्यांच्या वादनातून कळते.

नुसत्या कीर्तीने काय होते, तेही पाहू. न्यूयॉर्कच्या क्लबात वाजवायचे तर बोटांचे ठसे देऊन पोलिसांचे ओळखपत्र घ्यावे लागे. १९४० ते १९६७ हा नियम होता. बिली हिगिन्सचे ओळखपत्र गेले आणि १९६० साली त्याच्या जागी एड ब्लॅकवेल आला. वादकाची भाकर पोलिसाच्या खिशात! आणि पैशाचे म्हणाल, तर क्लब भरतो, रेकॉर्ड निघतात, पण आपल्या हाती त्या मानाने काही पडत नाही, ही कोलमनची तक्रार राहिली. त्याने योग्य मोबदला मागितला, तेव्हा कामे आटली. २१ डिसेंबर १९६२ रोजी त्याने स्वतःच टाउन हॉल भाड्याने घेऊन कार्यक्रम केला आणि नंतर दोनेक वर्षे जाहीर वादनातून बाजूला झाला. त्या काळात तो ट्रंपेट आणि व्हायोलिन शिकला, तेही स्वतःच.

पुढे सन्मान आले. २०१२ सालच्या यादीत अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहासाठी ती रेकॉर्ड निवडली गेली. २००७ साली त्याला संगीताचे पुलित्झर मिळाले. २०१५ साली तो वारला. ज्याला बेसूर म्हटले, तो अभ्यासक्रमात गेला. पण फाइव्ह स्पॉटच्या त्या रात्रींपासून पुलित्झरपर्यंत सत्तेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आपल्या वर्गातल्या पोरांना तेवढी वाट पाहायला लावायची काय?

मी त्या मुलाची वही परत मागून घेतली. लाल रेघा पुसता येत नाहीत. गुण बदलले आणि खाली लिहिले की, आईचे बोलणे आहे तसेच असू दे. तुझे निवेदन प्रमाण भाषेत लिहायचे की नाही, ते तू ठरव. दोन्ही नीट यायला हवे, ते आपण मिळून करू. त्याने वाचले आणि विचारले, "सर, पन विद्यापीठाच्या पेपरात चालंल का?"

विद्यापीठाचा पेपर मी तपासत असेन तर चालेल. पण तो नेमका माझ्याकडे येईल, असे नाही. म्हणून हा प्रश्न एकट्या माझ्या वर्गात सुटणारा नाही. आपल्यापैकी जे जे पेपर तपासतात, अभ्यासमंडळांवर बसतात, कविता-कथा निवडतात, त्या सर्वांपुढे मी तो ठेवतो आहे. 'चूक' अशी रेघ मारण्यापूर्वी आपण ते नीट ऐकले आहे काय?