अज्ञात संख्येचे घात

मुलांनो, बीजगणितात 'क्ष' दिसला की प्रथम त्याची किंमत काढावयाची, असे तुम्हांला वाटते. बहुधा ते खरेही असते. परंतु काही उदाहरणांत क्ष ची किंमत शोधीत बसणे हाच आडमार्ग ठरतो. पुढील उदाहरण पाहा :

एक संख्या व तिची व्यस्त संख्या यांची बेरीज ३ आहे. तर त्यांच्या वर्गांची बेरीज किती? घनांची बेरीज किती?

व्यस्त संख्या म्हणजे काय, ते आधी आठवू. १ ला एखाद्या संख्येने भागले म्हणजे तिची व्यस्त संख्या मिळते. ५ ची व्यस्त संख्या १/५. २/३ ची ३/२. शून्याने भागता येत नाही, म्हणून शून्याला तेवढी व्यस्त संख्या नाही. या जोडीचा एक गुण मनात पक्का ठसवा : संख्या लहान असो वा मोठी, ती आणि तिची व्यस्त संख्या यांचा गुणाकार नेहमी १ च येतो. आपल्या उदाहरणाची किल्ली या १ मध्येच आहे.

एखादा उतावळा विद्यार्थी म्हणेल, "बेरीज ३, म्हणून वर्गांची बेरीज ९!" हे उत्तर ओळखीच्या संख्येवर पडताळून पाहू. २ आणि १/२ यांची बेरीज अडीच; अडीचचा वर्ग सव्वासहा. पण २ चा वर्ग ४ आणि १/२ चा वर्ग १/४. त्यांची बेरीज सव्वाचार. बरोबर २ चा फरक पडला. हे २ आले कोठून?

(अ + ब)² = अ² + २अब + ब² हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे. अ च्या जागी क्ष आणि ब च्या जागी १/क्ष ठेवा. मधल्या पदात क्ष आणि १/क्ष यांचा गुणाकार १ होतो. तेथे क्ष उरतच नाही. केवळ २ उरतात. ते वजा केले की झाले :

क्ष² + १/क्ष² = ३² − २ = ७

आता या वर्गांच्या बेरजेला मूळच्या बेरजेने गुणा :

(क्ष² + १/क्ष²) × (क्ष + १/क्ष) = क्ष³ + १/क्ष³ + क्ष + १/क्ष

डावी बाजू ७ × ३, म्हणजे २१. उजवीकडील शेवटच्या दोन पदांची बेरीज ३. म्हणून घनांची बेरीज २१ − ३ = १८.

ही एक शिडीच आपल्या हाती आली. आलेल्या उत्तराला ३ ने गुणावे आणि त्याच्या मागचे उत्तर वजा करावे. चौथ्या घातांची बेरीज १८ × ३ − ७ = ४७; पाचव्या घातांची ४७ × ३ − १८ = १२३. ताळा हवा असेल तर ७ चा वर्ग करून २ वजा करा; ४९ − २ = ४७ हेच उत्तर येते.

एवढे सारे झाले, तरी क्ष किती हे आपण विचारलेच नाही! शोधू गेलो असतो, तर २·६१८०३... असा कधीही न संपणारा दशांश अपूर्णांक अथवा त्याची व्यस्त संख्या ०·३८१९६... पुढे उभी राहिली असती. अशा अपूर्णांकाचे घन करणे जिकिरीचे. शिवाय कोठेतरी तो तोडावाच लागल्यामुळे नेमके १८ हाती आले नसते.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ रचला. त्यातील 'बीजगणित' या भागात अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' असे नाव आहे. यावत्तावत् म्हणजे 'जितके असेल तितके'. किती सार्थ नाव हे! संख्या जितकी असेल तितकी असो. तिचे इतर संख्यांशी असलेले नाते नीट ओळखले म्हणजे तिच्याविषयी निश्चयाने बोलता येते. म्हणून उदाहरण हाती आले की लगेच आकडेमोडीला लागू नये. काय दिले आहे आणि काय विचारले आहे, यांचा संबंध क्षणभर शांतपणे न्याहाळावा. त्या क्षणभराच्या विचाराने पानभर श्रम वाचतात.

स्वाध्याय

१. वर्गांची बेरीज ९ का येत नाही, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. क्ष + १/क्ष = ४ असल्यास वर्गांची व घनांची बेरीज काढा.
३. क्ष − १/क्ष = ३ असल्यास वर्गांची बेरीज काढा. येथे २ वजा न करता मिळवावे का लागतात?